तो विषय वेगळा नाही

वास्कोहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्रातला मुख्य भाग असा :

"माझं माहेर मूळचं नगरकडचं. बाबा मुरगाव बंदरात नोकरीला लागले आणि आम्ही गोव्याचेच झालो. घरी रोज संध्याकाळी मराठीत कौटुंबिक प्रार्थना व्हायची. लग्न इथल्या कॅथलिक घरात झालं, तेव्हापासून चर्चमध्ये कोंकणी मिसाला, म्हणजे उपासनेला, जाते. वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, तीन पाळ्या असतात. मिस्टर बार्जवर. सासूबाई अंथरुणावर, मुलगी यंदा दहावीला. मिसाला उभी असते आणि डोक्यात चालू असतं की सासूबाईंची औषधं संपली, घराचा हप्ता राहिला, बांगडे आज काय भावाने मिळतील. तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणताना डोळा लागतो. त्यात तोंडाने कोंकणी म्हणते आणि मनातली प्रार्थना मराठीत, म्हणजे तिथेही मी दोन ठिकाणी. आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या, देवाला अर्धं मन चालत नाही, कोमट माणसाला तो ओकून टाकतो असं बायबलातल्या प्रकटीकरणात लिहिलंय. तेव्हापासून मी आठवड्यातल्या चार संध्याकाळी प्रार्थनेला जाते, बुधवार-शुक्रवार उपास करते. त्या म्हणतात, नोकरीही सोड, देव पुरवील. मिस्टर चिडलेत. मला रात्र रात्र झोप नाही. बाबांच्या घराच्या कागदांवरून माझं थोरल्या बहिणीशी आठ वर्षं बोलणं नाही, ती म्हापशाला असते, पण तो विषय वेगळा. मला एवढंच सांगा, देवावर पूर्ण मनाने प्रीती करायची म्हणजे काय करायचं? माझ्यासारखीला ते जमेल का?"

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

आधी त्या 'कोमट'चं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. ते वचन लावदिकीया इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं आहे, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातलं. पण सोळाव्या वचनावर थांबून चालत नाही. सतराव्यात प्रभू त्या मंडळीचं दुखणं सांगतो. ती म्हणत होती, मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही. आपण दरिद्री आहोत, आंधळे आहोत, उघडे आहोत, याचा तिला पत्ताच नव्हता. प्रार्थनेत पेंगणाऱ्या, हिशेब आठवणाऱ्या बायकांबद्दल तिथे चकार शब्द नाही. आणि तुमच्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत काय आहे? माझ्यात उणं आहे, माझ्यात उणं आहे. ज्या बाईला आपली उणीव इतकी टोचते तिला कोमट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय त्याच पत्रात, चारच वचनं पुढे, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे, असं तोच प्रभू म्हणतो. आत येऊन त्या कोमट माणसांबरोबर जेवायची त्याची इच्छा आहे. तुमच्या मैत्रिणीने वचन खोटं सांगितलं नाही, पण निम्मं सांगितलं.

झोपेचं म्हणाल, तर गेथशेमाने बागेत खुद्द पेत्र, याकोब आणि योहान झोपले होते, तेही प्रभूने जागं राहायला सांगितलेलं असताना. त्याने त्यांना विचारलं जरूर, पण त्याच दमात त्यांची बाजूही मांडली, की आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. रात्रपाळी करून आलेल्या बाईचा तेर्स म्हणताना डोळा लागला तर तो देहाचा थकवा आहे. त्याला पापाच्या खात्यात टाकू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर, ही आज्ञा बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. आपण ती एवढीच पाठ करतो आणि मग डोळ्यांपुढे एखादा मठ येतो, गुडघे टेकून तासन्‌तास बसलेलं कुणीतरी येतं. पण त्याच्या पुढच्याच ओळी वाचा. तिथे मंदिर नाही, वेदी नाही, उपास नाही. तिथे घर आहे. ही वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरात बसला असताना, वाटेने चालत असताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोल, घराच्या दाराच्या चौकटीवर ती लिही. पूर्ण मनाची आज्ञा देऊन झाल्यावर मोशे माणसाला देवापुढे घेऊन जातो तो असा, स्वयंपाकघरातून, रस्त्यावरून, अंथरुणापासून. पूर्ण मन म्हणजे सगळं बाहेर काढून रिकामं केलेलं मन, असं त्या आज्ञेत कुठेच नाही. तुमच्या आयुष्यातला एकही कोपरा देवाला परका राहू नये, एवढं तिथे मागितलं आहे.

मिसाला उभं असताना सासूबाईंची औषधं आठवली, तर ती आठवण हाकलायला धडपडू नका. तीच त्याला सांगा. प्रभू, औषधं संपलीत, पगाराला अवकाश आहे. झाली प्रार्थना. मग फादर काय वाचताहेत तिकडे परत लक्ष द्या. पुन्हा बांगडे आठवले, पुन्हा परत या. असं तासाभरात वीसदा झालं तरी चालेल. आणि तुमच्या मनात बांगडे येतात ते तरी कशाने? घरच्यांच्या पोटाची काळजी आहे म्हणून. त्या काळजीवर देव रुसेल असं मला अजिबात वाटत नाही. प्रभू घरी आला तेव्हा त्याच्या सरबराईत गुंतलेल्या मार्थेला त्याने टोकलं ते तिच्या कामावरून नव्हे, काळजी आणि दगदग यांवरून. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा पंगत बसते तेव्हा मार्था वाढतेच आहे, आणि तिथे तिला कुणी काही म्हणत नाही.

जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांनी संसारी माणसांच्या भक्तीबद्दल फार समजूतदारपणे लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं असं की बिशपाने मठातल्या एकांतवाशासारखं राहू नये आणि संसारी माणसाने फकिरी संन्याशासारखं काहीच गाठीला न ठेवता जगू नये. ज्याने त्याने आपल्या जागी राहून, आपल्या कामाला शोभेल अशी भक्ती करावी. जी भक्ती माणसाचं हातातलं कर्तव्य बिघडवते ती खरी नव्हे, असंही ते स्पष्ट म्हणतात. तुमच्या चार संध्याकाळींकडे मी याच नजरेने पाहते. तुम्ही प्रार्थनेला गेल्यावर सासूबाईंना कूस कोण बदलून देतं? तुम्ही लिहिलं नाही, पण मिस्टर बार्जवर असले तर घरात उरते ती दहावीतली मुलगी. तिचा अभ्यास आणि तिच्या आजीची सेवा दोन्ही तिच्या एकटीच्या गळ्यात घालून आपण देवाला पूर्ण मन देतो आहोत, असं म्हणवेल का तुम्हाला?

मराठी आणि कोंकणीचं मात्र अगदी सोडून द्या. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, पुढची चाळीस वर्षं इथेच राहिले आणि साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी प्रभूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. कोंकणीचं व्याकरणही त्यांनीच लिहिलं. चारशे वर्षांपूर्वी याच मातीत दोन्ही भाषा एकाच माणसाच्या भक्तीत सुखाने नांदल्या. आईबापांनी शिकवलेली प्रार्थना मनात चालते आणि मंडळीबरोबरची तोंडाने चालते, हे तुमचं धन आहे. मुलीलाही ती मराठी प्रार्थना शिकवा.

मग मन दुभंगतं ते कुठे? होशेय संदेष्टा एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाच्या लोकांना, तव्यावर न उलटलेल्या भाकरीसारखा म्हणतो (७:८). अशी भाकरी एका बाजूने करपते आणि दुसऱ्या बाजूने पीठच राहते. आपण आच वाढवत जातो, पण उलटत नाही. तुमचं पत्र वाचताना मला ते वचन सारखं आठवत होतं. चार संध्याकाळी, दोन उपास, आता नोकरी सोडायची गोष्ट. आच वाढतेच आहे, आणि दुसरी बाजू आठ वर्षं तव्याला लागलेली नाही. ती बाजू कोणती ते तुम्हीच लिहिलं आहे आणि लगेच पुढे म्हटलं आहे, तो विषय वेगळा.

ताई, तो विषय वेगळा नाही. तुम्ही मला विचारलं ते हेच आहे.

घराच्या कागदांत कोण बरोबर, हे मी एका बाजूच्या पत्रावरून सांगणार नाही. हिस्सा किती, सही कुणी करायची, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करायची कायदेशीर प्रक्रिया) लागते की नाही, हे वकिलाकडे न्या, आणि हक्काचं असेल ते मागायला लाजू नका. क्षमा करणं म्हणजे हिस्सा सोडणं नव्हे. ही गल्लत आपल्याकडे फार होते, विशेषतः बायकांच्या बाबतीत, आणि मग क्षमेच्या नावाखाली त्यांच्याकडून सह्या घेतल्या जातात. ते मी तुम्हाला सांगत नाही. कागद वकिलांकडे चालू राहोत. पण दोन बहिणींचं बोलणं बंद असणं, हा कायद्याचा भाग नाही. तो तुमचा आणि देवाचा भाग आहे, आणि नेमका तोच तुम्ही त्याच्या हाती दिलेला नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलं असताना आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). हे नीट बघा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं म्हणतो. चूक कुणाची, हे विचारतच नाही. ज्याला आठवलं त्याने उठायचं. आणि ऐकणारी माणसं गालीलातली होती. वेदी यरुशलेमेत, म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. अर्पण तिथे टाकून गावी परत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालून यायचं. ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. तरीही प्रभूने तो क्रम बदलला नाही. वास्कोहून म्हापसा पणजीला बस बदलून दीड-दोन तासांवर आहे.

योहान तर त्याहून रोखठोक आहे. डोळ्यांपुढच्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणारच नाही, असं तो आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो. मी हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही, ताई. उलट मला फार आशा वाटते, कारण इतके दिवस तुम्ही जे नेमकं कुठे दुखतंय म्हणून शोधत होता ते सापडलं आहे. मिसाला मन लागत नाही याचं कारण बांगडे असतीलच असं नाही. 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' या ओळीपाशी आठ वर्षं दर रविवारी आत काहीतरी अडत असेल, आणि मन तिथून पळ काढून हप्त्यांत आणि बाजारात जाऊन बसत असेल.

आपल्या गोव्यातला पूर्ण मनाचा माणूस बघायचा तर वास्कोहून वेर्ण्याला जाताना सांकवाळ लागतं, तिथे बघा. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ यांनी १६७७ मध्ये सांकवाळच्या चर्चमध्ये मरियेच्या चरणी आपण कायमचे दास असल्याचं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्या जुन्या चर्चची आता दर्शनी भिंतच उरली आहे. पण त्या कागदाचं पुढे काय झालं ते मोठं आहे. डचांनी सिलोनमध्ये कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. १६८७ मध्ये हे गरिबाच्या वेशात तिथे शिरले. कँडीत पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा ज्या शहराने त्यांना कोंडलं होतं तिथल्या रुग्णांचे फोड हे धूत बसले. लिहून दिलेलं पूर्ण मन असं वटवावं लागलं, आणि तेही परक्यांसाठी. २०१५ मध्ये ते संत घोषित झाले. त्यांच्या फेस्ताला आपण जातो, मेणबत्ती लावतो. म्हापशाची बस त्याहून अवघड आहे, हे मला कळतं.

जायचं कसं, तेही सांगते. कागद बरोबर नेऊ नका. मध्यस्थ म्हणून नातेवाईक नेऊ नका, बाजू वाटल्या जातात. आधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, 'घराच्या कागदांसाठी फोन केला नाही. तुला बघावंसं वाटतंय.' भेटल्यावर तुमच्याकडची चूक तेवढी कबूल करा, की आठ वर्षं तोंड फिरवलं ते माझं चुकलं. जी चूक तुम्हाला पटत नाही ती कबूल करू नका, खोट्या कबुलीने समेट टिकत नाही. त्यांनी कागदांचा विषय काढलाच तर म्हणा, 'ते वकील बघतील, आज नको.' आणि त्यांनी फोन उचलला नाही, दार उघडलं नाही, तर? पौल रोमकरांस लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकंच तुमच्याकडे मागितलं जाईल. नाताळला पुन्हा फोन करा. बाबांच्या स्मृतिदिनाला पुन्हा.

त्याआधी कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जा आणि फादरना फक्त हीच एक गोष्ट सांगा. मिसातल्या विचारांची यादी नको.

हे सगळं स्वतःच्या बळावर करायचं आहे असं समजू नका. स्तोत्र ८६ मध्ये भक्त देवाकडे काय मागतो? तुझ्या नावाचं भय धरायला माझं चित्त एकाग्र कर. मी चित्त एकाग्र करतो, असं तो म्हणत नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीसाठी पौल प्रार्थना करतो तीही अशीच, की शांतीचा देव स्वतः तुम्हाला परिपूर्णपणे पवित्र करो, तुमचा आत्मा, जीव आणि शरीर संपूर्ण राखली जावोत. आणि लगेच म्हणतो, तुम्हाला बोलावणारा विश्वसनीय आहे, तो हे करील. स्तोत्रातली ती एक ओळ कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मराठीत म्हणत जा. पाळी कोणतीही असो, बस तर रोज आहे.

बाकीचं थोडक्यात. ग्रुपला आठवड्यातून एकच संध्याकाळ जा, तीही मिस्टरांशी बोलून ठरवलेली. कोणती, ते त्यांनाच निवडू द्या. उपास सध्या बंद. चर्चने सगळ्यांवर बंधनकारक केलेले उपासाचे दिवस वर्षात दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. बाकीचे ऐच्छिक, आणि झोप नसलेल्या, पाळीवर उभं राहणाऱ्या बाईने ते करू नयेत. करायचाच तर यशयाच्या ५८व्या अध्यायातला उपास करा. देवाला आवडणाऱ्या उपासात काय काय येतं ते तिथे सांगितलं आहे, आणि त्यात आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणं हेही आहे.

नोकरी सोडू नका. देव पुरवील हे खरं, आणि सध्या तो तुम्हाला त्या नोकरीतूनच पुरवतो आहे. कलस्सैकरांस पत्रात सांगितलं आहे की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते वचन लिहिलं गेलं ते दासांना, ज्यांना आपलं काम निवडायचीही मुभा नव्हती. तुमच्या हातून जाणारी गोळ्यांची पट्टी कुणाच्या तरी आजारी आईच्या उशाशी जाणार आहे. ती नीट तपासून पुढे सरकवणं ही भक्ती आहे, आणि ती तुम्ही आठ-आठ तास करता आहात.

राहिली झोप. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ मध्ये मान्रेसाला असताना अशाच भीतीने ग्रासले होते. सांगितलेलीच पापं पुन्हा पुन्हा सांगायची, तरी समाधान नाही. पुढे त्यांनाच उमगलं की हा छळ देवाकडून येत नाही, आणि त्यांनी ते उकरणं थांबवलं. तुम्हीही थांबवा. तरीही महिनाभरात झोप परतली नाही, तर डॉक्टरांकडे जा. बांबोळीला मनोविकार संस्थेची ओपीडी आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही आणि अविश्वासही नाही. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली तर प्रार्थना करून ती घ्या आणि झोपा.